सी.एन.सी. लेथवरील टर्निंग प्रक्रियेत चिप तोडण्यासाठी प्रोग्रामची रचना : एक विवेचन

गोषवारा

सी.एन.सी. लेथवर धातूचे टर्निंग करताना निघणारी चिप लहान तुकड्यांत तुटणे हे कामगाराची सुरक्षितता, कामाचा दर्जा आणि यंत्राचे अखंड चालणे या तिन्ही दृष्टींनी आवश्यक असते. चिप तुटणे ही केवळ इन्सर्टच्या आकारावर सोपवण्याची बाब आहे, असा एक समज शिक्षणात व उद्योगातही आढळतो. प्रस्तुत लेखात चिप तुटण्यामागील यांत्रिक कारण स्पष्ट करून, प्रोग्राम लिहिताना घेतलेल्या निर्णयांचा चिपच्या लांबीशी असलेला संबंध एका उदाहरणाच्या आधारे मांडला आहे. तसेच फीडमधील थांबा, माघार, पूर्वखाचा आणि नियंत्रित आंदोलन या चार पद्धतींचे कार्य, मर्यादा व त्यांसाठी मोजावी लागणारी किंमत यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : सी.एन.सी. लेथ, टर्निंग, चिप, फीड, इन्सर्ट, जी-कोड, आंदोलित कर्तन.

१. प्रस्तावना

लेथ हे यंत्रशाळेतील मूलभूत यंत्र होय. या यंत्रात धातूचा दंडगोल चकमध्ये घट्ट धरून फिरवला जातो आणि स्थिर पकडलेले टूल त्याच्या अक्षाला समांतर सरकवून वरचा थर काढला जातो. या क्रियेला टर्निंग म्हणतात आणि काढल्या गेलेल्या थरास चिप म्हणतात. दंडगोलाच्या प्रत्येक फेऱ्यामागे टूल जितके पुढे सरकते ते फीड आणि टूल जितके आत शिरते ती कापाची खोली होय. सी.एन.सी. लेथमध्ये या सर्व हालचाली संगणकीय नियंत्रक आधी लिहून ठेवलेल्या प्रोग्रामनुसार करून घेतो.

धातुकर्तनाच्या शास्त्रीय अभ्यासाची परंपरा जुनी आहे. फ्रेडरिक टेलर यांनी १९०६ साली अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे धातुकर्तनावरील आपले प्रदीर्घ निष्कर्ष मांडले. हॅन्स अर्न्स्ट यांनी १९३८ साली चिपचे खंडित, अखंड आणि टूलच्या धारेवर धातू साचत निघणारी अखंड असे तीन प्रकार सांगितले. यूजीन मर्चंट यांनी १९४५ साली चिप तयार होण्याचे गणिती स्पष्टीकरण दिले. दुसरीकडे, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९५२ साली संख्यात्मक नियंत्रणावर चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले आणि यंत्राचे चाक फिरवणाऱ्या हाताची जागा आकड्यांनी घेण्यास प्रारंभ झाला.

हा बदल होताना एक गोष्ट मागे राहिली. हाताच्या लेथवर काम करणारा अनुभवी टर्नर चिप लांबत चालली असे दिसताच फीडचे चाक क्षणभर थांबवत असे. चिप तुटून खाली पडे आणि काम पुढे चालू होई. ही कृती कोणत्याही पाठ्यपुस्तकात शिकवली गेली नसली तरी ती कौशल्याचाच भाग होती. सी.एन.सी. यंत्र मात्र सांगितले तेवढेच करते. थांबण्याची सूचना प्रोग्राममध्ये नसेल तर ते थांबत नाही. म्हणून टर्नरच्या हातात असलेले हे शहाणपण प्रोग्राममध्ये कसे उतरवावे, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय आहे.

२. विषयाचे महत्त्व

अखंड चिप ही केवळ अडगळ नसते. ती तापलेली असते, तिच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात आणि तिचे एक टोक फिरत्या जॉबला गुंडाळले गेले तर दुसरे टोक चाबकाप्रमाणे फिरते. अशी चिप हाताने किंवा हातमोजा घालून ओढण्याचा प्रयत्न केल्यास ती हाताभोवती आवळली जाऊन हात चककडे खेचला जाण्याचा धोका असतो. फिरत्या यंत्राभोवती संरक्षक आवरण असावे, अशी तरतूद १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या २१ व्या कलमात करण्यात आली होती. सी.एन.सी. लेथला बंद दरवाजा असतो, ही त्याच विचाराची पुढची पायरी म्हणता येईल. परंतु चिप तुटत नसेल तर कामगाराला दर काही जॉबनंतर तो दरवाजा उघडावाच लागतो. म्हणजे यंत्राच्या रचनेने दिलेले संरक्षण सदोष प्रोग्राममुळे प्रत्यक्षात कमी होते.

दुसरा परिणाम कामाच्या दर्जावर होतो. जॉबभोवती गुंडाळलेली चिप तयार पृष्ठभागावर ओरखडे पाडते, कूलंटचा प्रवाह अडवते, इन्सर्ट व जॉब यांच्यामध्ये अडकून इन्सर्टची धार मोडते. तिसरा परिणाम आर्थिक आहे. बार फीडर किंवा रोबो जोडून यंत्र माणसाविना चालवण्याचा विचार केला तर एक गुंता संपूर्ण पाळीचे काम थांबवू शकतो. पिंपरी-चिंचवड, कोल्हापूर, नाशिक यांसारख्या औद्योगिक परिसरातील लहान यंत्रशाळांमध्ये एकच कामगार अनेकदा एकाहून अधिक यंत्रे सांभाळतो. अशा ठिकाणी या प्रश्नाचे महत्त्व अधिकच वाढते.

३. चिप का तुटते ?

कोणतीही पट्टी वाकवली असता तिची बाहेरील बाजू ताणली जाते. हा ताण पट्टीच्या जाडीला वाकाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागले असता साधारणपणे मिळतो. पातळ पत्रा बोटाभोवती सहज गुंडाळता येतो, तर त्याच धातूची जाड पट्टी तितक्याच त्रिज्येत वाकवली तर तडकते. चिपचे वर्तन याच नियमाने समजून घेता येते. टूलवरून निघालेली चिप आधीच वळलेली असते. पुढे तिचे टोक जॉबवर किंवा टूलच्या बाजूवर आदळते आणि तिचा वळसा बळाने बदलला जातो. या बदलामुळे निर्माण होणारी विकृती धातूच्या सहनशक्तीपेक्षा अधिक झाली म्हणजे चिप तुटते. जपानी संशोधक के. नाकायामा यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ही अट गणिताने मांडली आणि पुढील अभ्यासाला तिचा आधार मिळाला.

या अटीत तीन घटक येतात : चिपची जाडी, तिच्या वळशातील बदल आणि धातूची तुटण्याची प्रवृत्ती. यांपैकी धातूची निवड बहुधा ग्राहकाच्या आराखड्याने ठरलेली असते. ओतीव लोखंड व शिशेयुक्त पितळ यांची चिप आपोआपच तुटते. सुलभ-कर्तन पोलादात गंधक मिसळलेले असते. त्यातून तयार होणारे मँगनीज सल्फाइडचे कण चिपमध्ये दुबळ्या जागा निर्माण करतात. याउलट कमी कार्बनचे पोलाद, ३०४ जातीचे स्टेनलेस पोलाद, शुद्ध तांबे व मऊ ॲल्युमिनियम यांची चिप ताणली जाते, पण सहजासहजी तुटत नाही.

वळशातील बदल मुख्यतः इन्सर्टवरील खोबणीने घडतो. चिपची जाडी मात्र फीडने ठरते आणि फीड हा प्रोग्राममध्ये लिहिला जाणारा आकडा आहे. म्हणजेच चिप तोडण्यासाठी प्रोग्रामची सुरुवात कोणत्याही विशेष कोडने न होता फीडच्या आकड्याने होते.

हे एका साध्या हिशेबाने पाहता येईल. कर्तनाच्या वेळी चिप आखडून जाड होते. ती मूळ थराच्या दुप्पट जाड होते असे मानले, तर ०.१० मि.मी. फीडला ०.२ मि.मी. आणि ०.२५ मि.मी. फीडला ०.५ मि.मी. जाडीची चिप मिळेल. वळसा ४ मि.मी. त्रिज्येचा असेल तर पहिल्या चिपमध्ये २.५ टक्के आणि दुसऱ्या चिपमध्ये ६ टक्क्यांहून थोडी अधिक विकृती निर्माण होईल. टूल, धातू आणि वेग तेच ठेवूनही केवळ फीड वाढवल्याने चिप तुटू लागते, त्याचे कारण या फरकात आहे.

मग फीड नेहमीच मोठे का ठेवू नये, असा प्रश्न साहजिकपणे उपस्थित होतो. याचे उत्तर पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणात आहे. टर्निंगनंतर राहणाऱ्या उंचवट्यांची सैद्धांतिक उंची फीडच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. इन्सर्टच्या टोकाची गोलाई, म्हणजे नोज रेडियस, ०.८ मि.मी. असेल तर ०.१० मि.मी. फीडला ही उंची सुमारे १.६ मायक्रोमीटर आणि ०.२५ मि.मी. फीडला सुमारे ९.८ मायक्रोमीटर येते. गुळगुळीत पृष्ठभागासाठी फीड लहान हवे आणि चिप तुटण्यासाठी मोठे हवे, हा टर्निंगमधील मूळ विरोध आहे. पुढील सर्व उपाय हा विरोध सौम्य करण्यासाठी योजलेले आहेत.

कापाच्या खोलीचाही येथे विचार करावा लागतो. खोली नोज रेडियसपेक्षा कमी असेल तर कर्तन केवळ टोकाच्या गोलाईवर होते, चिप खोबणीपर्यंत नीट पोहोचत नाही आणि दोऱ्यासारखी वाहू लागते. म्हणून इन्सर्टचे उत्पादक प्रत्येक खोबणीसाठी फीड व खोली यांचा एक चौकोन देतात. प्रोग्राममधील आकडे या चौकोनात बसतात की नाही, हे पाहणे ही पहिली पायरी होय. चिपचे आकार ओळखण्यासाठी आय.एस.ओ. ३६८५ या मानकातील वर्गीकरण उपयुक्त आहे. त्यात फितीसारखी, नळीसारखी, सर्पिल, वॉशरसारखी वेढ्यांची, शंक्वाकृती वेढ्यांची, कमानीसारखी, कणरूप आणि सुईसारखी असे चिपचे प्रकार दिले आहेत. यांपैकी सुट्या कमानीसारख्या चिप सामान्यतः इष्ट, तर लांब व गुंतलेल्या फिती अनिष्ट समजल्या जातात.

४. एक उदाहरण : चिपची लांबी किती ?

कमी कार्बन पोलादाचा ५० मि.मी. व्यासाचा दंड ६० मि.मी. लांबीपर्यंत ४६ मि.मी. व्यासावर आणावयाचा आहे असे समजू. कापाची खोली २ मि.मी., फीड दर फेऱ्यास ०.२५ मि.मी. आणि स्पिंडलचा वेग दर मिनिटास ११५० फेरे ठेवला आहे. बाहेरील व्यासावर कर्तनवेग मिनिटाला सुमारे १८० मीटर येतो.

टूलला ६० मि.मी. जाण्यासाठी २४० फेरे लागतात आणि त्यास सुमारे १२.५ सेकंद पुरतात. प्रत्येक फेऱ्यात सुमारे १५७ मि.मी. लांबीचा थर निघतो. म्हणजे एकूण सुमारे ३७.७ मीटर. चिप आखडून निम्मी झाली असे धरले तरी, ती कोठेही तुटली नाही तर एका जॉबमागे सुमारे १९ मीटर लांबीची पोलादी फीत साडेबारा सेकंदांत यंत्रात जमा होते. दहा जॉबनंतर काय स्थिती होईल, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

आता हीच लांबी ठरवून तोडता येईल का, हे पाहू. टूल दर २ मि.मी. अंतरावर क्षणभर थांबवले, तर दोन थांब्यांमध्ये ८ फेरे होतात. ८ फेऱ्यांत सुमारे १२५७ मि.मी. थर निघतो आणि चिपची लांबी सुमारे ६३० मि.मी. येते. अशी चिप ६ मि.मी. व्यासाच्या वेढ्यांत वळली तर तिचे सुमारे ३३ वेढे होतात आणि तिची गुंडाळी वीतभरापेक्षाही लहान राहते. ती सहज खाली पडते. टप्पा १ मि.मी. केला तर लांबी निम्मी होते, पण थांबे दुप्पट होतात. टप्प्याची लांबी किती असावी हा प्रश्न अशा रीतीने अंदाजाऐवजी हिशेबाने सुटतो.

५. प्रोग्रामद्वारे चिप तोडण्याच्या पद्धती

पुढील उदाहरणे फानूक पद्धतीच्या नियंत्रकावरील जी-कोडच्या 'ए' संचानुसार आहेत. अन्य नियंत्रकांवर कोड भिन्न असू शकतात. यंत्रावर ही अक्षरे रोमन लिपीत टंकली जातात, येथे ती देवनागरीत दिली आहेत.

५.१ फीडमध्ये थांबा

टूल पुढे सरकणे थांबले आणि जॉब फिरत राहिला, तर पुढच्या एका फेऱ्यात कापण्यासाठी धातू उरत नाही. चिपची जाडी शून्यावर येते आणि ती सुटते. थांब्यासाठी जी०४ हा कोड वापरतात. मुख्य प्रोग्राममध्ये पुढील ओळी येतील :

जी९७ एस११५० एम०३
जी०० एक्स४६.० झेड२.०
जी९९ जी०१ झेड०.० एफ०.२५
एम९८ पी०३०२००२
जी०० यू१.०
जी०० झेड२.०

आणि २००२ क्रमांकाच्या उपप्रोग्राममध्ये :

जी०१ डब्ल्यू-२.० एफ०.२५
जी०४ यू०.०६
एम९९

एम९८ च्या ओळीत उपप्रोग्राम ३० वेळा चालवण्याची सूचना आहे. प्रत्येक वेळी टूल २ मि.मी. पुढे जाते व ०.०६ सेकंद थांबते. ०.०६ हा आकडा येथे हिशेबाने आला आहे. ११५० फेऱ्यांच्या वेगाने एका फेऱ्यास ०.०५२ सेकंद लागतात. थांबा एका पूर्ण फेऱ्यापेक्षा किंचित अधिक असावा लागतो. तो कमी पडल्यास चिपची जाडी शून्यापर्यंत येत नाही आणि ती न तुटता केवळ पातळ होऊन पुढे चालू राहते. ३० थांब्यांचे मिळून १.८ सेकंद होतात. प्रत्येक वेळी वेग कमी-जास्त करण्यास लागणारा वेळ त्यात मिळवावा लागतो. चक्रकालातील ही वाढ गुंता काढण्यासाठी यंत्र थांबवण्याच्या वेळेशी तुलना करून पाहावी.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. कामगाराने यंत्रावरील बटणाने स्पिंडलचा वेग निम्मा केला, तर ०.०६ सेकंदांत अर्ध्याहून थोडाच अधिक फेरा होतो आणि तोच प्रोग्राम चिप तोडेनासा होतो. जी९६ वापरून कर्तनवेग स्थिर ठेवला असेल तर मोठ्या व्यासावर फेरे कमी असतात. अशा वेळी थांबा सर्वांत कमी फेऱ्यांच्या वेगावरून काढावा. काही नियंत्रकांवर थांबा सेकंदांऐवजी फेऱ्यांत देता येतो. ती सोय असल्यास तिचा उपयोग करणे श्रेयस्कर ठरते.

५.२ माघार

स्टेनलेस पोलादासारखे धातू घासले गेल्यास पृष्ठभागावर कठीण होतात. अशा धातूंत टूल जागच्या जागी थांबवणे हितकर नसते. तेथे टूल किंचित मागे घेऊन पुन्हा पुढे नेतात. उपप्रोग्राम असा होईल :

जी०१ डब्ल्यू-२.० एफ०.२५
जी०० डब्ल्यू०.२
जी०१ डब्ल्यू-०.२ एफ०.२५
एम९९

यातील तिसरी ओळ गाळली जाण्याची शक्यता असते. ती गाळल्यास प्रत्येक फेरीत टूल २ ऐवजी १.८ मि.मी. एवढेच पुढे जाते आणि ३० फेऱ्यांनंतर ६० ऐवजी ५४ मि.मी. अंतरावर थांबते. सापेक्ष अंतरे वापरताना प्रत्येक आवर्तनाची बेरीज करून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे म्हणूनच गरजेचे आहे.

हेच काम जी७४ या तयार आवर्तनानेही करता येते. हे आवर्तन मूलतः खोल छिद्रे व दर्शनी पृष्ठावरील खाचा यांसाठी आहे, परंतु व्यासावर टूल ठेवून ते टर्निंगसाठीही वापरले जाते :

जी०० एक्स४६.० झेड२.०
जी७४ आर०.२
जी७४ झेड-६०.० क्यू२००० एफ०.२५

आर म्हणजे माघार आणि क्यू म्हणजे टप्पा. क्यूचे मूल्य दशांश चिन्हाविना, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात द्यावयाचे असते. त्यामुळे २००० म्हणजे २ मि.मी. होत. आवर्तन संपल्यावर टूल त्याच व्यासावरून वेगाने मागे येते आणि पृष्ठभागावर रेघ उमटू शकते. त्यामुळे जी७४ चा उपयोग कच्च्या कापापुरता मर्यादित ठेवावा. प्रत्येक माघारीनंतर टूल धातूत नव्याने शिरते आणि धारेवर आघात होतो, ही या पद्धतीची किंमत होय. ठिसूळ सिरॅमिक इन्सर्टसाठी ती जड ठरते.

थांबा असो वा माघार, दोन्ही पद्धतींत पृष्ठभागावर वलये उमटतात. म्हणून व्यासावर थोडा धातू राखून शेवटचा काप सलग घ्यावा लागतो. वरील उदाहरणात कच्चा काप ४६.५ मि.मी. व्यासावर घेऊन उरलेला ०.५ मि.मी. अंतिम कापासाठी ठेवता येईल. या कापाची खोली केवळ ०.२५ मि.मी. असल्याने चिप बारीक असते. तेथे लहान नोज रेडियसचा, अंतिम कापासाठीच्या खोबणीचा इन्सर्ट निवडणे आणि कूलंटचा झोत थेट धारेवर सोडणे हे उपाय अधिक उपयोगी पडतात. उच्च दाबाचा, उदाहरणार्थ ७० बारचा झोत चिपच्या खाली शिरून तिचा वळसा आवळतो व ती तुटण्यास साहाय्य करतो.

५.३ पूर्वखाचा

तिसरी पद्धत सर्वांत साधी आहे. टर्निंगच्या आधी खाच पाडण्याच्या टूलने दंडावर ठरावीक अंतरांवर वलयाकार खाचा पाडतात. त्यांची खोली पुढील कापाच्या खोलीइतकी ठेवतात. नंतर टर्निंगचे टूल प्रत्येक खाचेशी पोहोचले की धातू संपतो व चिप सुटते. नियंत्रक कितीही जुना असला तरी ही पद्धत वापरता येते आणि टर्निंगचा प्रोग्राम अखंड राहतो. जादा टूल, जादा वेळ आणि प्रत्येक खाचेच्या काठावर धारेवर होणारा आघात या तिच्या मर्यादा आहेत. मोजक्या संख्येच्या, पण महागड्या व चिवट धातूच्या जॉबसाठी ती विचारात घेण्यासारखी आहे.

५.४ नियंत्रित आंदोलन

वरील पद्धतींत काप मधूनमधून थांबतो. आंदोलित कर्तनात टूल फीडच्या दिशेने सतत सूक्ष्म प्रमाणात पुढे-मागे हलते आणि तशा स्थितीतच पुढे सरकते. २००० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत शार्लट येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ व वाय-१२ या केंद्रातील संशोधकांनी असा मार्ग सामान्य सी.एन.सी. प्रोग्राममध्येच लिहून चिप तोडण्याची पद्धत विकसित केली. पुढे जपानच्या सिटिझन कंपनीने आपल्या लेथमध्ये कमी वारंवारतेच्या आंदोलनाची सोय नियंत्रकातच अंतर्भूत केली.

या पद्धतीचे मर्म आंदोलने व फेरे यांच्या गुणोत्तरात आहे. एका फेऱ्यात आंदोलनांची संख्या पूर्णांक, म्हणजे १ किंवा २ असेल, तर प्रत्येक फेऱ्यातील लाट मागील फेऱ्यातील लाटेवर तंतोतंत बसते. थराची जाडी सर्वत्र सारखीच राहते आणि टूल कितीही हलले तरी चिप तुटत नाही. संख्या ०.५ किंवा १.५ असेल तर एका फेऱ्यातील शिखर मागील फेऱ्यातील दरीसमोर येते. अशा वेळी टूलची एकूण पुढे-मागे हालचाल फीडइतकी किंवा त्याहून अधिक झाली की थराची जाडी ठरावीक ठिकाणी शून्य होते आणि चिपला तुटण्यावाचून पर्याय उरत नाही. येथे धातूच्या ठिसूळपणावर काहीच अवलंबून राहत नाही. तांबे व प्लॅस्टिक यांसारख्या चिवट पदार्थांतही ही पद्धत उपयुक्त ठरते, ती याच कारणाने.

उदाहरणार्थ, १० मि.मी. व्यासाचा दंड ३००० फेऱ्यांच्या वेगाने, ०.०५ मि.मी. फीडने कापताना एकूण हालचाल किमान ०.०५ मि.मी. हवी. फेऱ्यामागे अर्धे आंदोलन ठेवले तर वारंवारता सेकंदाला २५ येते व दर दोन फेऱ्यांनी चिप तुटते. तिची लांबी सुमारे ३१ मि.मी. भरते. दीड आंदोलन ठेवल्यास वारंवारता ७५ होते व लांबी सुमारे १० मि.मी. येते. मात्र टूल हलवण्यास लागणारे त्वरण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे नऊ पटींनी वाढते. सामान्य लेथचे सर्वो व बॉलस्क्रू हा भार पेलतीलच असे नाही. नियंत्रक सूचनांचे कोपरे गुळगुळीत करून हालचाल घटवतो आणि कागदावर अचूक असलेला प्रोग्राम प्रत्यक्षात चिप तोडत नाही. शिवाय हालचाल सतत बॉलस्क्रूच्या लहानशा भागातच होत असल्याने त्याच्या वंगणाकडेही लक्ष द्यावे लागते.

६. निर्णयाचा क्रम

वरील विवेचनावरून प्रोग्राम लिहिणाऱ्याने पुढील क्रम पाळणे उचित ठरेल.

(१) धातू कोणत्या प्रकारची चिप देतो, याचा अंदाज घ्यावा.
(२) कापाची खोली नोज रेडियसपेक्षा अधिक व फीड इन्सर्टच्या शिफारशीत आहे ना, हे तपासावे. शक्य तेथे कापांची संख्या कमी करून खोली वाढवावी.
(३) पृष्ठभागाच्या अपेक्षेने अनुमती दिल्यास प्रथम फीडच वाढवावे. त्यामुळे चिप तुटते व वेळही वाचतो.
(४) एवढे करूनही चिप तुटत नसेल तर स्वीकारार्ह लांबी ठरवून टप्पा काढावा आणि धातूनुसार थांबा किंवा माघार निवडावी.
(५) अंतिम कापात व्यत्यय आणू नये. तेथे इन्सर्ट व कूलंट यांवर भर द्यावा.
(६) यंत्रात सोय असल्यास व उत्पादनाची संख्या मोठी असल्यास आंदोलित कर्तनाचा विचार करावा.

हा क्रम उलटा केला, म्हणजे फीड व इन्सर्ट न तपासता एकदम थांबे घातले, तर चिप तुटेल, पण वेळ वाढेल, इन्सर्ट लवकर झिजेल आणि मूळ दोष तसाच राहील.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

सी.एन.सी. प्रोग्रामिंगचे शिक्षण आज मोठ्या प्रमाणावर संगणकावरील आभासी प्रतिकृतीद्वारे दिले जाते. टूलचा मार्ग, टक्कर, मापे यांची तपासणी त्यातून उत्तम होते. परंतु पडद्यावरील जॉबमधून धातू केवळ नाहीसा होतो. तेथे चिप निर्माण होत नाही. परिणामी प्रोग्राम बिनचूक ठरवणारा विद्यार्थी प्रत्यक्ष यंत्रावर मात्र गुंत्यापुढे अडखळतो. यावर एक अल्पखर्चिक उपाय सुचवता येईल. एकाच दंडावर खोली व वेग स्थिर ठेवून ०.०८, ०.१६ आणि ०.२५ मि.मी. अशा तीन फीडने काप घ्यावेत, यंत्र पूर्ण थांबल्यावर चिमट्याने प्रत्येक कापाची चिप गोळा करून जाड कागदावर चिकटवावी आणि आय.एस.ओ. वर्गीकरणानुसार तिचे नाव लिहावे. त्यानंतर त्याच दंडावर थांब्यासह व थांब्याशिवाय काप घेऊन चिपची लांबी मोजावी व हिशेबाशी ताडून पाहावी. असा एक तक्ता यंत्रशाळेच्या भिंतीवर लावल्यास भौतिकशास्त्र, धातुशास्त्र आणि प्रोग्रामिंग या तीन विषयांतील संबंध विद्यार्थ्यांच्या ध्यानात सहज येईल.

८. समारोप

चिप तुटणे वा न तुटणे हा योगायोग नाही. तिची जाडी फीडने ठरते, वळसा इन्सर्टने ठरतो आणि जेथे हे दोन्ही अपुरे पडतात तेथे तिची लांबी प्रोग्राममधील थांब्याने किंवा माघारीने ठरवता येते. प्रत्येक उपायाला वेळ, इन्सर्टचे आयुष्य किंवा पृष्ठभाग यांच्या रूपाने किंमत मोजावी लागते. ती किंमत हिशेबाने मांडणे हेच प्रोग्राम लिहिणाऱ्याचे खरे काम आहे. सी.एन.सी. यंत्रावर काम करणाऱ्या कामगाराला दिवसभरात किती वेळा दरवाजा उघडून आत हात घालावा लागतो, ही संख्या चांगल्या प्रोग्रामची एक कसोटी मानली गेली पाहिजे. मापे बरोबर येणे ही दुसरी कसोटी आहेच. या दोन्ही कसोट्यांवर प्रोग्राम तपासण्याची सवय यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिक्षणाच्या काळातच लागावी, अशी अपेक्षा आहे.